इंग्रजी शब्दांची यमके आणि जवळची यमके कशी शोधावीत?

दीर्घवेलांटी (प्रश्न)

गेली दोन वर्षे मी एका मित्राने बांधलेल्या चालींवर इंग्रजी गीते लिहीत आहे. मराठीत लिहिताना यमक मला सहसा अडत नाही. ओळ संपत आली की जुळणारा शब्द आपोआप समोर येतो. इंग्रजीत मात्र जे मला जुळल्यासारखे वाटते ते आमच्या गायिकेला, जिचे सारे बालपण इंग्रजीत गेले आहे, जुळल्यासारखे वाटत नाही. मी ‘नेशन’ आणि ‘फॅशन’ हे शब्द दोन ओळींच्या शेवटी ठेवले होते. दोन्हींच्या शेवटी ‘शन’ आहे, तेव्हा यात काही उणे असेल असे मनातही आले नव्हते. पण तिने ऐकताक्षणी सांगितले की हे यमकच नव्हे. उलट ‘मोशन’ला ‘ओशन’ चालेल का, असे मी भीतभीत विचारले, कारण दोघांचे स्पेलिंग अगदी वेगळे आहे, तर तिने ती जोडी निर्दोष ठरवली.

यमके सांगणारी संकेतस्थळे मी वापरतो, पण तेथे एका शब्दाला शेकडो शब्द मिळतात आणि त्यांतले निवडायचे कोणते हे कळत नाही. शिवाय ‘जवळची यमके’ म्हणून जी वेगळी यादी येते तिच्यामागचा नियम मला उमगलेला नाही. मी वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून त्यांची शेपटे जुळवून पाहतो. ही पद्धत बरोबर आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे. सध्या एका कडव्याची ओळ ‘सायलन्स’ या शब्दावर थांबली आहे आणि तीन आठवडे पुढे सरकलेली नाही.

कानामात्रा

आपल्या गायिकेचे दोन्ही निर्णय बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच नियमातून आलेले आहेत. इंग्रजी यमक शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून मोजले जात नाही. शब्दात ज्या सिलॅबलवर (एका स्वराभोवतीच्या उच्चारखंडावर) आघात, म्हणजे उच्चारताना जोर, पडतो, त्यांपैकी शेवटच्या आघातयुक्त सिलॅबलचा स्वर शोधावा आणि त्या स्वरापासून शब्दाच्या अंतापर्यंतचा सर्व ध्वनी जुळतो का ते पाहावे. ‘नेशन’मध्ये आघात ‘ने’वर आहे, म्हणून जुळायला हवे ते ‘एशन’. ‘फॅशन’मध्ये जुळायला हवे ते ‘ॲशन’. स्वरच वेगळा असल्यामुळे पुढचे ‘शन’ कितीही सारखे असले तरी इंग्रजी कानाला ते यमक वाटत नाही, कारण आघात नसलेले ‘शन’ त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘नेशन’ला ‘स्टेशन’ जुळेल आणि ‘फॅशन’ला ‘पॅशन’. ‘मोशन’ आणि ‘ओशन’ या दोघांतही ‘ओशन’ हा ध्वनी तंतोतंत आहे. तो लिहिताना कोणती अक्षरे वापरली याच्याशी यमकाला कर्तव्य नाही. त्याच कारणाने ‘सिंगिंग’ आणि ‘रनिंग’ हे यमक होत नाही, पण ‘सिंगिंग’ आणि ‘ब्रिंगिंग’ हे होते.

मराठीत अर्थ बदलून टाकणारा असा आघात नसल्यामुळे आपल्याला हा नियम सवयीने कळत नाही, तो शिकावा लागतो. एकच शब्द नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून वेगळ्या जागी आघात घेतो, तेव्हा तर यमकही बदलते. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर आघात पहिल्या सिलॅबलवर असतो आणि त्याला यमक मिळणे अवघड होते. तेच क्रियापद झाले की आघात दुसऱ्या सिलॅबलवर जातो आणि ‘लॉर्ड’, ‘बोर्ड’, ‘अफोर्ड’ असे कितीतरी शब्द जुळू लागतात. म्हणून शब्दकोशात उच्चार पाहताना आघाताची ती छोटी उभी रेघ आधी पाहावी.

नियमाचा दुसरा अर्धा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मराठी लेखकाने तो विशेष जपायला हवा. जुळणाऱ्या स्वराच्या आधीचे व्यंजन वेगळे असावे लागते. ‘लीव्ह’ आणि ‘बिलीव्ह’ यांत दोन्हीकडे ‘लीव्ह’च आहे, ‘लाइट’ आणि ‘डिलाइट’ यांत दोन्हीकडे ‘लाइट’. इंग्रजी कानाला ही पुनरुक्ती वाटते आणि ती दुबळी मानली जाते. आपल्याकडील काव्यशास्त्रात यमक अलंकाराची व्याख्याच अशी आहे की तोच वर्णसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा यावा. म्हणजे इंग्रजीत जो दोष समजतात तो आपल्याकडे गुण आहे. इंग्रजीत ज्याला यमक म्हणतात ते आपल्या अंत्यानुप्रासाच्या, म्हणजे ओळींच्या शेवटी सारखे ध्वनी येण्याच्या, अधिक जवळचे आहे, हे एकदा मनात पक्के झाले की पुष्कळ गोंधळ मिटतो.

देवनागरीच्या आपल्या पद्धतीबद्दल माझे मत असे आहे की ती अर्धी फार चांगली आणि अर्धी धोक्याची आहे. चांगली अशासाठी की ती स्पेलिंगचा पडदा दूर करते. ‘कोम’, ‘टूम’ आणि ‘बॉम’ म्हणजे कंगवा, थडगे आणि बॉम्ब. या तिन्ही इंग्रजी शब्दांची शेवटची तीन अक्षरे ओ, एम आणि बी हीच आहेत, पण तिन्हींचे स्वर वेगळे. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ ही जोडी कागदावर जुळलेली दिसते, कानाला जुळत नाही, आणि देवनागरीत ते लगेच उघड होते. ‘थ्रू’, ‘ब्लू’, ‘शू’ आणि ‘टू’ यांची इंग्रजी स्पेलिंगे एकमेकांशी काही नाते सांगत नाहीत, देवनागरीत मात्र ती सख्खी भावंडे दिसतात.

धोका शेवटच्या व्यंजनात आहे. अनेकवचनाचा प्रत्यय आपण बहुधा ‘स’ असा लिहितो आणि उच्चारतोही, पण स्वरानंतर किंवा घोष (ब, ड, ग यांसारख्या, कंठातल्या कंपासह उच्चारल्या जाणाऱ्या) व्यंजनानंतर तो ‘झ’सारखा असतो. त्यामुळे डोळे या अर्थाचा शब्द ‘स्काइज’, ‘वाइज’ आणि ‘प्राइज’ यांच्याशी जुळतो, ‘आइस’ आणि ‘नाइस’ यांच्याशी नाही. किंमत या अर्थाचा ‘प्राइस’ आणि बक्षीस या अर्थाचा ‘प्राइज’ हे दोन शब्द वहीत घाईने एकसारखे लिहिले जातात, पण ते पूर्ण यमक नव्हेत. ‘फुल’ आणि ‘फूल’, ‘बेड’ आणि ‘बॅड’ यांतही मात्रा काळजीपूर्वक लिहिली नाही तर फसगत होते.

शब्दसंग्राहक

यमककोशांबद्दल थोडे सांगतो, कारण ते कसे बनतात हे कळले की त्यांच्याकडून काय मागावे हेही कळते. जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये इंग्रजी शब्दांचा असा कोश प्रसिद्ध केला, ज्यात शब्दांचा क्रम सुरुवातीच्या अक्षरावरून नव्हे तर शेवटाकडून लावलेला होता. त्यामुळे एकसारख्या शेवटाचे शब्द एकत्र आले. पण तो शेवट स्पेलिंगचा असल्यामुळे उच्चाराने जुळणारे परंतु वेगळ्या अक्षरांत संपणारे शब्द दूर राहत आणि वाचकाला अनेक जागा पाहाव्या लागत.

आजच्या संगणकीय साधनांपैकी बरीच साधने उच्चारकोशावर उभी आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द ३९ ध्वनिचिन्हांच्या संचातून लिहिलेला आहे. प्रत्येक स्वरापुढे एक अंक असतो: १ म्हणजे मुख्य आघात, २ म्हणजे दुय्यम आघात आणि ० म्हणजे आघात नाही. संगणक शेवटचा आघातयुक्त स्वर शोधतो, त्यापासून पुढचा तुकडा कापून घेतो आणि तोच तुकडा शेवटी असलेले सारे शब्द पुढे ठेवतो. कानामात्रा यांनी सांगितलेला नियमच येथे यंत्राच्या भाषेत लिहिलेला आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही त्यातूनच येतात. यंत्राला अर्थ, वापर किंवा शब्दाचा स्वभाव कळत नाही, म्हणून आडनावे, गावांची नावे आणि वैज्ञानिक संज्ञा रोजच्या शब्दांच्या शेजारी येऊन बसतात. ‘ऑरेंज’ला यमक नाही असे सांगतात, ते रोजच्या शब्दांपुरते खरे आहे; वेल्समधील ‘ब्लॉरेंज’ नावाची टेकडी आणि वनस्पतिशास्त्रातील ‘स्पोरँज’ ही बीजाणुधानीची संज्ञा यांनी गीताची ओळ सहसा पूर्ण होणार नाही. ‘सिल्व्हर’ला ‘चिल्व्हर’ जुळतो, पण मेंढीच्या मादी कोकराला ते नाव आहे हे किती श्रोत्यांना माहीत असेल?

‘ऱ्हाइमझोन’सारख्या संकेतस्थळावर उत्तरे सिलॅबलच्या संख्येनुसार गटांत येतात. चालीत किती जागा शिल्लक आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते, तेव्हा तेवढ्याच सिलॅबलचा गट वाचावा. शेकड्यांतून वीसतीस शब्द उरतात. त्यांतून विषयाला धरून असलेले सातआठ शब्द वेगळे लिहावेत आणि दुसरी ओळ त्यांच्यापैकी कोणता शब्द मागते आहे ते पाहावे. मी तर ओळ लिहिण्यापूर्वीच ही यादी करतो, कारण ओळ लिहून झाल्यावर यमक शोधले की ते यमक ओळीला आपल्या मागे ओढत नेते.

आपल्या नजरेतून सहज निसटणारी एक खाण म्हणजे प्रत्ययांनी बनलेली आणि दोन शब्दांची मिळून झालेली यमके. ‘मिस्ड’ असे आपण लिहितो, पण त्याचा उच्चार ‘लिस्ट’शी तंतोतंत जुळतो, कारण अघोष (प, क, स यांसारख्या, कंठातल्या कंपाविना उच्चारल्या जाणाऱ्या) व्यंजनानंतर भूतकाळाचा प्रत्यय ‘ट’ होतो. ‘माइंड’ला ‘साइन्ड’ आणि ‘डिझाइन्ड’ जुळतात, ‘वाइड’ला ‘क्राइड’ आणि ‘रिप्लाइड’, ‘टॅक्स’ला पाठीचे अनेकवचन ‘बॅक्स’. एखाद्या नामाला यमक मिळत नसेल तर ते अनेकवचनी करून पाहावे, आणि क्रियापदाला मिळत नसेल तर त्याचा काळ बदलून पाहावा. ‘पोएट’ला ‘नो इट’ असे दोन शब्दांचे यमक जवळपास पूर्ण जुळते, मात्र त्यात किंचित खेळकरपणा येतो. गंभीर गीतात ते जपून वापरावे.

सहकंपन

जवळच्या यमकांविषयी लिहितो, कारण माझ्या मते प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. जवळचे यमक म्हणजे चुकलेले यमक नव्हे. त्याचेही नियम आहेत, आणि ज्याने मराठीची वर्णमाला समजून घेतली आहे त्याला ते शिकायला फार सोपे जातात, कारण आपली वर्णमाला उच्चारस्थान आणि प्रयत्न यांनुसारच रचलेली आहे.

मूळ कल्पना अशी की आघाताचा स्वर तोच ठेवावा आणि त्यानंतरचे व्यंजन त्याच घराण्यातल्या दुसऱ्या व्यंजनाने बदलावे. प, ट, क हे अघोष स्पर्शवर्ण एका घराण्यातले, ब, ड, ग हे घोष स्पर्शवर्ण दुसऱ्या, म, न आणि ‘सिंग’मधला ङ हे अनुनासिक तिसऱ्या, फ, स, श हे अघोष घर्षक चौथ्या, आणि त्यांचे घोष जोडीदार व्ह, झ हे पाचव्या. ‘टाइम’ला पूर्ण यमके आहेत, उदाहरणार्थ ‘क्लाइंब’, ज्यातला ब मूक आहे, शिवाय ‘राइम’ आणि ‘क्राइम’. पण अनुनासिक बदलला की ‘लाइन’, ‘माइन’, ‘शाइन’, ‘साइन’ हे सारे क्षेत्र खुले होते. ‘होम’ला ‘फोम’ आणि ‘रोम’ मिळतात, आणि जवळची यमके म्हणून ‘अलोन’, ‘स्टोन’, ‘बोन’. गाताना म आणि न यांतला फरक लांबवलेल्या ‘ओ’च्या मागे जवळजवळ विरघळून जातो.

घराणे सोडून पुढे गेलात तर नाते हळूहळू विरळ होते. त्याच स्थानाचे अघोष आणि घोष व्यंजन, जसे ‘राइस’ आणि ‘राइझ’, बरेच जवळचे वाटते, मात्र इंग्रजीत अघोष व्यंजनाआधीचा स्वर आखूड होतो, म्हणून दीर्घ सुरावर हा फरक थोडा जाणवतो. शेवटी एखादे व्यंजन जास्त किंवा कमी असणे, जसे ‘फ्री’ आणि ‘स्पीड’, हे त्याहून सैल. केवळ स्वर जुळणे, जसे ‘होम’ आणि ‘रोड’, हे त्याहूनही सैल, पण वेगवान गीतात ते चालून जाते. स्वर बदलून व्यंजने तीच ठेवणे, जसे ‘हॉल’ आणि ‘हेल’, हा प्रकार वेगळ्याच परिणामाचा आहे. त्यात जुळण्यापेक्षा न जुळण्याची अस्वस्थता अधिक ऐकू येते, आणि कधीकधी तीच हवी असते.

पूर्ण यमक दार मिटल्यासारखे वाटते, जवळचे यमक ते किंचित उघडे ठेवते. म्हणून गीताचा आशय अनिश्चितता, विरह किंवा प्रतीक्षा असा असेल तर मी पूर्ण यमक सापडले तरी ते टाळतो. ‘लव्ह’ला ‘अबव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘डव्ह’ आणि ‘शव्ह’ अशी मोजकीच पूर्ण यमके आहेत. त्यांपैकी दोन तर वापरून वापरून इतकी झिजली आहेत की पहिली ओळ ऐकताच श्रोत्याला दुसरी कळते. तेथे ‘इनफ’ किंवा ‘ब्लड’ यांच्याकडे वळण्याने ओळीला नवा श्वास मिळतो.

वृत्तदर्पण

सहकंपन यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक मर्यादा नोंदवू इच्छितो. गीतात सूर, ताल आणि गायकाचा आवाज जवळच्या यमकाला सांभाळून घेतात. कागदावर मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या छंदोबद्ध कवितेत तो आधार नसतो. तेथे आठ ओळी पूर्ण यमकाने चालल्या आणि नवव्या ओळीला ‘टाइम’पुढे ‘लाइन’ आले तर वाचकाला ती निवड न वाटता उणीव वाटते. जवळची यमके वापरायची असतील तर पहिल्या कडव्यापासून वापरावीत, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान त्या मापाला लागतो.

दुसरी गोष्ट बोलीची. यमक कोणाच्या तोंडी जुळते हे ठरवल्याशिवाय ते जुळते असे म्हणता येत नाही. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतरचा र उच्चारला जात नाही, म्हणून ‘आयडिया’ आणि ‘निअर’ यांचे यमक तेथे निर्दोष आहे. बहुसंख्य अमेरिकी उच्चारांत र स्पष्ट असल्यामुळे ते तुटते. ‘क्लास’ आणि ‘मॅस’ अमेरिकेत जुळतात, दक्षिण इंग्लंडमध्ये जुळत नाहीत. ‘अगेन’ कोणी पुरुष या अर्थाच्या, आखूड ‘ए’च्या ‘मेन’शी जुळवतो, कोणी पाऊस या अर्थाच्या, लांब ‘ए’च्या ‘रेन’शी. काळानेही हेच केले आहे: अठराव्या शतकात ‘जॉइन’ आणि ‘लाइन’ ही जोडी प्रतिष्ठित कवींनी वापरली, कारण तेव्हा ‘जॉइन’चा उच्चार ‘जाइन’ असा होत असे. वर उल्लेख झालेला उच्चारकोश उत्तर अमेरिकेतील उच्चारांचा आहे, तेव्हा आपली गायिका ब्रिटिश वळणाने गात असेल तर त्यातील काही जोड्या तिला खटकतील आणि तिला जुळणाऱ्या काही जोड्या त्यात सापडणारच नाहीत. यादीतून निवडलेला शब्द तिच्याकडून म्हणवून घेणे, ही शेवटची आणि निर्णायक कसोटी समजावी.

दीर्घवेलांटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरकारी नोंदी तपासाव्यात तसा मी शब्दांचा शेवट तपासत होतो, आघाताकडे माझे लक्षच नव्हते. आता ‘सायलन्स’कडे पुन्हा पाहिले. आघात ‘साय’वर आहे, म्हणजे मला ‘आयलन्स’ असा तुकडा हवा. संकेतस्थळावर ‘व्हायलन्स’ दिसतो, पण त्यात एक सिलॅबल जास्त आहे असे मला वाटते. गीत भरती ओसरल्यानंतरच्या किनाऱ्याविषयी आहे आणि हिंसेचा तेथे काही संबंध नाही.

सहकंपन

‘व्हायलन्स’चा काळजीपूर्वक उच्चार तीन सिलॅबलचा आहे, जलद बोलताना तो दोनचा होतो आणि तेव्हा ‘सायलन्स’शी पूर्ण जुळतो. तरीही आपण तो नाकारला हे योग्यच केले, कारण अर्थाने बाहेरचा शब्द केवळ ध्वनीसाठी आणला की श्रोत्याला तो ताबडतोब कळतो.

घराण्यांचा नियम येथे लावून पाहू. ल गाळला तर ‘सायन्स’, ‘डिफायन्स’, ‘अलायन्स’, ‘रिलायन्स’ असा मोठा गट मिळतो. यांत शेवटचे ‘न्स’ अबाधित आहे आणि आघाताचा स्वर तोच आहे. ल ठेवायचा असेल तर बेट या शब्दाचे अनेकवचन घ्यावे, ‘आयलंड्झ’. त्यात स्वर, ल आणि न हे सारे जागेवर आहेत. फरक फक्त शेवटच्या ‘स’ ऐवजी ‘ड्झ’ येण्याचा, आणि गाताना ड फारसा उमटत नाही. भरती ओसरल्यावर वाळूचे उंचवटे पाण्यातून वर येतात, तेव्हा ती बेटेच दिसतात. मला तर हा शब्द आपल्या विषयाने आधीच निवडून ठेवल्यासारखा वाटतो.

क्रमाचाही विचार करावा. ‘आयलंड्झ’ पहिल्या ओळीच्या शेवटी ठेवा आणि ‘सायलन्स’ दुसऱ्या ओळीच्या शेवटी. पहिला शब्द श्रोता कोणत्याही अपेक्षेविना स्वीकारतो. यमक पूर्ण करण्याचे ओझे दुसऱ्यावर पडते, म्हणून जो शब्द अपरिहार्य आहे तो दुसऱ्या जागी असावा.

दीर्घवेलांटी

दोन्ही ओळींची अदलाबदल केली. बेटे आधी आली आणि शांतता नंतर, आणि त्यामुळे दृश्याचा क्रमही बरोबर झाला, कारण पाणी मागे सरकल्यावरच तिथली शांतता ऐकू येते. काल गायिकेने ते कडवे म्हणून पाहिले. तिने ‘आयलंड्झ’मधला ड जवळजवळ सोडून दिला, ‘आय’ दोन मात्रा लांबवला, आणि कोणतीही हरकत न घेता पुढचे कडवे मागितले. त्या कडव्याची पहिली ओळ ‘वर्ल्ड’वर संपते. ‘कर्ल्ड’, ‘हर्ल्ड’ आणि ‘अनफर्ल्ड’ ही पूर्ण यमके यादीत आहेत. शीड उलगडण्याचा अर्थ गीताला मानवतो, म्हणून सध्या ‘अनफर्ल्ड’ दुसऱ्या ओळीच्या शेवटी लिहून पहिल्या ओळीकडे परत आलो आहे.